गोळ्या खाऊन झाल्या, मग हत्तीरोग गेला का? उत्तर मिळतं पहिली-दुसरीतल्या पोरांच्या बोटातून

नांदेडहून लातूरला निघालं की वाटेत लोहा लागतं. लोहा सोडलं की माळेगाव, पुढे अहमदपूर आणि मग लातूर. माळेगावची खंडोबाची यात्रा आणि तिथला घोड्या-गाढवांचा बाजार यामुळे हा रस्ता अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण हा रस्ता ज्या दोन जिल्ह्यांतून जातो, ते आणखी एका यादीत आहेत आणि त्या यादीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ती यादी आहे हत्तीरोगाची. महाराष्ट्रातल्या जवळपास दीड डझन जिल्ह्यांना सरकारने हत्तीरोगग्रस्त ठरवलं. त्यात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया असे विदर्भातले बरेच जिल्हे आहेत. मराठवाड्यातून नांदेड, लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव.

अशा जिल्ह्यांमधल्या लोकांना एक दृश्य चांगलं ओळखीचं असतं. आशाताई दारात येतात. हातात गोळ्या आणि वही. घरात माणसं किती, वय किती, कुणी गरोदर आहे का, हे विचारतात. गोळ्या समोरच खायला सांगतात, वहीत नोंद करतात आणि पुढच्या घराकडे जातात.

काही वर्षं हे चालतं. मग एखाद्या वर्षी आशाताई गोळ्या घेऊन येत नाहीत. पारावर कुणी म्हणतं, रोग गेला. कुणी म्हणतं, सरकार विसरलं.

खरं तर मोहीम थांबवायची की चालू ठेवायची, हे एका परीक्षेवरून ठरतं. ती परीक्षा द्यायला बसतात पहिली-दुसरीतली पोरं, आणि उत्तरपत्रिका म्हणजे त्यांच्या बोटातले रक्ताचे दोन-चार थेंब.

हत्तीरोग म्हणजे नेमकं काय?

हत्तीरोग, हत्तीपाय किंवा फायलेरिया. हा रोग कुणाच्या शापाने होत नाही, आनुवंशिक नाही आणि रुग्णाला शिवल्यानेही होत नाही. हा कृमींमुळे होतो. भारतातल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांमध्ये 'वुचेरेरिया बँक्रॉफ्टी' नावाचा दोऱ्यासारखा बारीक कृमी सापडतो.

या कृमीला एका माणसातून दुसऱ्यात जायला डास लागतो. मलेरियाचा डास ॲनाफिलिस, डेंग्यूचा एडिस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स. क्युलेक्सला घाण पाणी आवडतं. तुंबलेली गटारं, सांडपाण्याची डबकी, उघडी शोषखड्डी, संडासाच्या सेप्टिक टाक्या ही त्याची घरं. तो रात्री चावतो.

डास संसर्ग झालेल्या माणसाला चावला की त्याच्या रक्तातली कृमींची सूक्ष्म पिल्लं डासाच्या पोटात जातात. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डासाच्या अंगात ती साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि तोच डास दुसऱ्याला चावला की त्या जखमेतून आत शिरतात. तिथून ती लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, मुक्काम ठोकतात. तिथे त्यांचे मोठे कृमी होतात. मोठा कृमी साधारण ६ ते ८ वर्षं जगतो आणि मादी या काळात लाखो पिल्लं रक्तात सोडत राहते.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. तो शेतात जातो, बाजार करतो, लग्नात नाचतो. पाय सुजायला किंवा पुरुषांमध्ये अंडवृद्धी व्हायला कित्येक वर्षं लागतात. बऱ्याचदा लहानपणी झालेला संसर्ग तिशी-चाळिशीत दिसतो.

म्हणून गावात हत्तीपायाचे रुग्ण किती, हे मोजून आज रोग पसरतो आहे की नाही ते कळत नाही. सुजलेला पाय ही जुनी थकबाकी असते. आज उधारी चालू आहे का, हे बघायचं तर वही दुसरीकडे उघडावी लागते.

मग सगळ्यांनाच गोळ्या का?

बाधित कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही आणि लाखो लोकांचं रक्त एकेक करून तपासणं परवडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सोपा मार्ग धरला. ज्या भागात रोग आहे, तिथल्या सगळ्या पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध द्यायचं. यालाच सार्वजनिक औषधोपचार मोहीम म्हणतात.

भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. पण घरोघरी गोळ्या देण्याची देशव्यापी मोहीम २००४ मध्ये सुरू झाली. आधी फक्त डीईसी ही गोळी होती, २००७ पासून तिच्या जोडीला जंतांची अल्बेंडाझोल आली. या डीईसीच्या शोधामागे एक भारतीय नाव आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत १९४० च्या दशकात हे औषध तयार झालं.

पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काही भागांसाठी तिसरं औषधही जोडायला सांगितलं, ते म्हणजे आयव्हरमेक्टिन. तीन औषधांच्या या उपचाराला आयडीए म्हणतात. महाराष्ट्रात त्याची सुरुवात नागपूर जिल्ह्यातून झाली.

या गोळ्या रक्तातली पिल्लं फार वेगाने मारतात. मोठ्या कृमींवर मात्र त्यांचा असर अर्धवट असतो. काही मरतात, काही उरतात आणि काही काळाने पुन्हा पिल्लं सोडू लागतात. म्हणून एकदा गोळी खाऊन भागत नाही. मोठा कृमी म्हातारा होऊन मरेपर्यंत दरवर्षी त्याची पिल्लं मारत राहायची, म्हणजे डासाला उचलायला काही सापडणारच नाही, असा हा सगळा हिशेब आहे.

तो जमायचा तर दोन औषधांच्या किमान ५ चांगल्या फेऱ्या व्हाव्या लागतात. चांगली फेरी म्हणजे एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष खाल्लेल्या. इथे 'वाटल्या' आणि 'खाल्ल्या' यात फार फरक आहे. जेवण झाल्यावर खातो म्हणून ठेवलेली गोळी खिडकीतच राहिली तर कागदावर ती मोजली जाते, रक्तात पोचत नाही. आशाताई समोर गोळी खायला लावतात, त्याचं कारण हे आहे.

पहिली चाचणी: रात्री दहाला दार वाजतं

फेऱ्या पूर्ण झाल्या की थेट मोहीम थांबवत नाहीत. आधी एक पूर्वपरीक्षा होते आणि ती रात्री होते.

रात्रीच का? कारण या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत लपून बसतात आणि रात्री अंगभरच्या रक्तात येतात. रात्री १० ते २ या वेळेत त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. क्युलेक्स डासही त्याच वेळी चावतो. कृमीने डासाची वेळ बरोबर धरली आहे. दुपारी बारा वाजता त्याच माणसाचं रक्त घेतलं तर काचपट्टी कोरी दिसू शकते.

त्यामुळे आरोग्य कर्मचारी जेवणं उरकल्यावर गावात येतात. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड ठिपका घेतात, वाळवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही गावं दर वेळी तीच असतात, म्हणजे आधीशी तुलना करता येते. काही गावं आयत्या वेळी निवडली जातात, म्हणजे ठरलेल्या गावांतच काम चांगलं झालं आणि बाकीची राहिली, असं होत नाही. प्रत्येक ठिकाणी किमान ३०० जणांचं रक्त घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही तपासणी शेवटच्या फेरीनंतर किमान ६ महिन्यांनी करायची असते, कारण गोळ्या खाल्ल्याबरोबर तपासलं तर सगळं छानच दिसणार.

निकष आहे १ टक्का. तपासलेल्या प्रत्येक गावात रक्तात पिल्लं असलेले लोक १ टक्क्यापेक्षा कमी हवेत. एका गावात ३०० पैकी ३ निघाले तरी पुरे, मोहीम पुढे चालू ठेवावी लागते.

मुख्य परीक्षा: पोरांचं बोट

पूर्वपरीक्षा पास झाली की मुख्य परीक्षा येते. तिचं नाव संक्रमण मूल्यमापन सर्वेक्षण. आरोग्य खात्यात सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टास' म्हणतात.

टासमध्ये ६ ते ७ वर्षांची मुलं तपासतात. जिथे बहुतेक मुलं शाळेत जातात, तिथे पहिली-दुसरीच्या वर्गांत जाऊन. जिथे शाळेतली हजेरी कमी आहे, तिथे घरोघरी फिरून.

मुलंच का, यामागचं कारण साधं आहे. चाळिशीतल्या माणसाच्या अंगात कृमी सापडला तर तो गेल्या वर्षी आला की सात वर्षांपूर्वी, हे सांगता येत नाही. पण सहा वर्षांचं पोर जन्मलंच मुळी गोळ्यांच्या मोहिमेच्या काळात. त्याच्या अंगात कृमी सापडला, तर तो याच सहा वर्षांत डासाने आणून सोडला. म्हणजे गावात रोगाचा फेरा चालू आहे.

ही तपासणी दिवसा होते. कारण इथे पिल्लं शोधत नाहीत. मोठ्या कृमीच्या अंगातून रक्तात सुटणारा एक पदार्थ, म्हणजे प्रतिजन, शोधतात आणि तो दिवसरात्र रक्तात असतो. बोटातून थोडं रक्त घ्यायचं, पट्टीवर सोडायचं आणि १० मिनिटांनी रेघा बघायच्या. गरोदरपणाच्या किंवा कोरोनाच्या घरगुती चाचणीसारखंच. एक रेघ आली तर मूल निर्दोष, दोन आल्या तर बाधित.

बाधित निघालेल्या मुलाचा पाय सुजणार, असं मुळीच नाही. उलट इतक्या लवकर सापडणं हे त्याचं नशीब. त्याला डीईसीचा १२ दिवसांचा पूर्ण उपचार देतात आणि घरच्यांचीही तपासणी होते.

किती मुलं, किती गुण?

टाससाठी जिल्ह्याचे भाग पाडतात आणि एका भागाची लोकसंख्या २० लाखांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या होती ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. पूर्ण जिल्हा धरला तर दोन्हींचे किमान दोन-दोन भाग करावे लागतात. प्रत्येक भाग वेगळा पास किंवा वेगळा नापास.

मोठ्या लोकसंख्येच्या भागात किमान ३० शाळा चिठ्ठी पद्धतीने निवडतात आणि साधारण १,७०० मुलं तपासतात. नेहमी वापरला जाणारा एक आकडा असा आहे: १,६९२ मुलं आणि मर्यादा २०. बाधित मुलं २० किंवा त्याहून कमी निघाली तर पास, २१ निघाली तर नापास.

१,६९२ चे २ टक्के काढले तर ३४ येतात, मग मर्यादा २० का? कारण सगळी मुलं तपासलेली नसतात, काही शाळाच तपासलेल्या असतात. नमुन्यात नशिबाने कमी सापडली असतील, ही शक्यता धरून मर्यादा मुद्दाम कडक ठेवली आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची, पण शितं जरा जास्त आणि पातेल्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून घ्यायची.

नापास झालं तर त्या भागात गोळ्यांच्या आणखी दोन फेऱ्या आणि मग पुन्हा परीक्षा. पास झालं तर गोळ्या बंद.

पण परीक्षा संपत नाही. दोन-तीन वर्षांनी दुसरा टास आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिसरा. म्हणजे गोळ्या थांबल्यानंतर किमान ४ वर्षं लक्ष ठेवावं लागतं. हा रोग सावकाश वाढतो. डासाच्या अंगात कृमींची संख्या वाढत नाही आणि माणसाच्या अंगात मोठे कृमीही आपोआप एकाचे दोन होत नाहीत. एकाने दुसऱ्याला बाधित करायला कित्येक महिने आणि पुष्कळ डासांचे दंश लागतात. म्हणून तो जातोही हळू आणि परतला तर परत येतोही हळू, कुणाच्या लक्षात न येता.

जिथे तीन औषधं दिली जातात, तिथे गणित थोडं बदलतं. तिथे दोन चांगल्या फेऱ्यांनंतरही परीक्षेची वेळ येऊ शकते. तेवढ्या थोड्या काळात लहान मुलांवरून फरक कळत नाही, म्हणून २० वर्षांवरच्या मोठ्या माणसांची तपासणी होते.

पास होऊनही रोग परत आला, असं झालंय का?

झालंय. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआ नावाचा छोटा बेटसमूह आहे. तिथे २००० ते २००६ अशी गोळ्यांची मोहीम झाली. २०११-१२ चा टास पास झाला. २०१५ चा दुसरा टासही पास झाला. २०१६ मध्ये तिसऱ्या टासला मात्र बेट नापास झालं. दोन परीक्षांमध्ये न सापडलेला रोग मोठ्या माणसांत आणि काही ठरावीक वस्त्यांत टिकून होता. तिथे गोळ्यांची मोहीम पुन्हा सुरू करावी लागली.

मराठवाड्याला जास्त जवळचं उदाहरण श्रीलंकेचं आहे, कारण तिथला डास हाच, क्युलेक्स. श्रीलंकेने २००२ ते २००६ अशा ५ फेऱ्या केल्या आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या देशातून हत्तीरोगाचं दूरीकरण झाल्याचं मान्य केलं. पण संशोधकांनी गॉल जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बारकाईने बघितलं, तेव्हा मुलं टासच्या निकषात बसत होती आणि डासांमध्ये मात्र कृमीचा डीएनए सापडत होता. रोग संपत आला होता, पूर्ण संपला नव्हता.

यातून एक नवी पद्धत पुढे आली. माणसांना सुई टोचण्याऐवजी डासच पकडायचे. शेकडो क्युलेक्स माद्या सापळ्यांत गोळा करायच्या आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात कृमीचा डीएनए शोधायचा. डासाने तो कुणाच्या तरी रक्तातूनच उचलला असणार. वस्तीत बाधित माणूस आहे, हे डासच सांगतो.

'दूरीकरण' या शब्दाकडेही नीट बघायला हवं. सरकारी कागदांत निर्मूलन आणि दूरीकरण यात फरक आहे. देवीचं निर्मूलन झालं, म्हणजे जगात एकही रुग्ण उरला नाही. हत्तीरोगाचं दूरीकरण म्हणजे रोग इतका कमी करायचा की तो आपोआप पसरू शकणार नाही. थोडेफार बाधित लोक त्यानंतरही असू शकतात. भारताने यासाठी २०२७ ची मुदत ठरवली आहे आणि जगाने २०३० ची.

लोह्यासारख्या भागात रोग कुठून निसटू शकतो?

२० लाख लोकांच्या भागातून ३०-४० शाळा निवडल्या, तर एका तालुक्याच्या वाट्याला मोजक्याच शाळा येतील. कदाचित एकही नाही. त्या शाळांपासून पाच कोसांवरच्या एखाद्या वस्तीत रोग टिकून असेल, तर टासला त्याचा पत्ता लागेलच असं नाही. म्हणून टास पास झालेल्या जिल्ह्यातही गावपातळीवरची नजर सुटता कामा नये.

दुसरं कारण मराठवाड्याला नवं नाही. ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अलीकडे गोळ्यांच्या देशपातळीवरच्या फेऱ्या १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला सुरू होतात. जिल्ह्याच्या वाट्याला फेब्रुवारीची फेरी आली तर त्याच वेळी ही कुटुंबं फडात असतात. घराला कुलूप असतं, आशाताईंच्या वहीत 'बाहेरगावी' अशी नोंद होते आणि फडात त्यांचं नाव कुणाच्याच वहीत नसतं. त्यांची पोरंही बरोबर गेलेली असतात, म्हणजे शाळेत तपासणी झाली तर ती त्यातूनही सुटतात. वीटभट्टीवरच्या आणि शहरात बांधकामावर गेलेल्या मजुरांचंही तेच.

तिसरं, सीमा. नांदेड जिल्ह्याला एका बाजूला तेलंगणा लागतं आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकातला बिदर जिल्हा. हत्तीरोग दोन्हीकडे होता. रोटीबेटीचे व्यवहार आहेत, मजुरी आहे. परीक्षा जिल्ह्याची होते, पण माणसं आणि डास जिल्ह्याची हद्द बघून राहत नाहीत.

माळेगावच्या यात्रेला लाखो लोक येतात, मग तिथून रोग पसरत नाही का? तशी भीती फारशी नाही. चार-सहा दिवसांच्या मुक्कामात थोड्या दंशांमधून हा रोग सहसा लागत नाही. धोका असतो तो बाधित माणूस महिनोन् महिने जिथे राहतो आणि आजूबाजूला गटारं तुंबलेली असतात, तिथे.

चौथं कारण सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक गावात काही माणसं अशी असतात की त्यांनी एकाही फेरीत गोळी खाल्लेली नसते. 'मला काय झालंय?' हा त्यांचा प्रश्न असतो. तो चूक नाही, कारण त्यांना खरंच काही होत नसतं. पण फेरीमागून फेरी तीच माणसं सुटत राहिली, तर कृमीला तेवढी घरं पुरतात.

यात भीतीचाही वाटा आहे. गोळी खाल्ल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ होते. हा त्रास बहुतेक वेळा त्यांनाच होतो ज्यांच्या रक्तात पिल्लं असतात, कारण ती एकदम मरतात. एक-दोन दिवसांत तो ओसरतो. पण 'गोळी खाल्ली आणि ताप आला' एवढंच गावभर होतं आणि पुढच्या वर्षी दहा घरं दार उघडत नाहीत. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर महिला आणि गंभीर आजारी माणसांना गोळ्या देत नाहीत. गोळी उपाशीपोटी खायची नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

ज्यांचा पाय आधीच सुजलाय, त्यांचं काय?

मोहिमेचा निकाल काहीही लागो, या माणसांचा रोग तसाच राहतो. गोळ्यांनी सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. पण तो वाढू न देणं हातात असतं.

पाय रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवायचा. बोटांच्या बेचक्या आणि घड्या कापडाने टिपून कोरड्या करायच्या. चिरा, जखमा, बुरशी दिसली की मलम लावायचं. बसताना-झोपताना पाय उंच ठेवायचा, घोट्याचे हलके व्यायाम करायचे, अनवाणी चालायचं नाही. पाय अचानक लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही. आराम करायचा आणि दवाखाना गाठायचा. असे झटके जितके जास्त येतात तितका पाय जाड होत जातो, आणि रोजच्या धुण्याने हे झटके खरंच कमी होतात.

अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते आणि ती सरकारी रुग्णालयात होते. तरी लाजेपायी माणसं वर्षानुवर्षं धोतराआड, लुंगीआड दुखणं लपवतात. काम सुटतं, लग्नकार्याला जाणं सुटतं. देशाला दूरीकरणाचं प्रमाणपत्र मागायचं असेल, तर या रुग्णांची यादी आणि त्यांना मिळणारे उपचार हेही जागतिक आरोग्य संघटनेला दाखवावं लागतं. नुसते पोरांच्या परीक्षेचे गुण पुरत नाहीत.

मग गावाने करायचं काय?

चार गोष्टी. गोळ्यांची फेरी असेल तर गोळी आशाताईंसमोरच खायची. रात्री रक्त घ्यायला कर्मचारी आले तर 'आम्ही तर ठणठणीत' म्हणून दार लावायचं नाही, कारण ते ठणठणीत माणसांचंच रक्त घ्यायला आलेले असतात. शाळेतून तपासणीचा निरोप आला तर त्या दिवशी पोराला घरी ठेवायचं नाही. आणि संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी किंवा फडकं बांधायचं, गटार वाहतं ठेवायचं. या चौथ्या कामाला कुठल्याच मोहिमेची वाट बघावी लागत नाही.

बाहेरगावी मजुरीला जाणाऱ्यांनी परतल्यावर उपकेंद्रात जाऊन आपली फेरी चुकली होती एवढं सांगितलं, तरी वहीतली एक मोकळी जागा भरते.

गोळ्या थांबल्यावर या रोगाची बातमी होत नाही. पोस्टर उतरतात, गाड्यांवरचे भोंगे थांबतात. नंतरची चार-सहा वर्षं काम चालतं ते थोड्या शाळांमध्ये, थोड्या रात्रींना, थोड्या काचपट्ट्यांवर. त्या काळात रोग हळूच परत आला, तर ते कळेल आज पहिलीत बसलेल्या पोराचा पाय वीस वर्षांनी सुजल्यावर, किंवा आत्ता त्याच्या बोटाला टोचलेल्या सुईतून. सुई टोचल्यावर पोर क्षणभर रडतं, एवढंच.